आईची सुंठ

ग्लासगो,
१२ नोव्हेंबर २००४

ती. आईस,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

फोनवर बाबा स्पीकर लावतात, म्हणून हे लिहून पाठवतेय. बाळाची कावीळ उतरली, आता पोटभर पितो. मीही बरी आहे. पोटातला गारठा गेला. कसा, ते ऐक.

बाळंत झाल्यावर नर्सने बर्फाचं पाणी दिलं, ते मी प्यायले. ओरडू नकोस. शेजारच्या हाँगकाँगच्या मिसेस लाउ तुझ्या वाटचं ओरडल्यात. त्यांनी मला मोजे चढवले आणि रोज एक काळा, तिखट काढा आणू लागल्या. त्यात खजूर आणि कसल्याकसल्या मुळ्या. म्हणाल्या, "मुख्य मूळ ओलं असलं तर घाम आणतं, वाळलं की पोटाला ऊब देतं. अंगात ताप असेल तर मात्र नाही घ्यायचं." मिडवाइफला विचारलं आणि चिनी औषध म्हणून मुकाट प्यायले.

आठव्या दिवशी त्यांनी ते मूळ दाखवलं. आई, सुंठ होती ती! तू 'सुंठ' असं लेबल लावून दिलेली बरणी मी न उघडताच कपाटात मागे ढकलली होती. खजील होऊन बाहेर काढली. मिसेस लाउंनी हुंगली, शिंकल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा कडक आहे. उद्यापासून हीच."

मिहीरची बाळासाठीची रजा संपली, सोमवारपासून तो कामावर जातोय. दिवस जरा लांबतो, इतकंच. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

बरणी संपत आलीय. कुणी येणार असेल तर दुसरी पाठव. या वेळी लेबल नाही लावलंस तरी चालेल.

तुझीच,
ऋजुता