शिंपीकाकांचा फोन

प्रिय लिफ्टवाल्या,

रविवारपासून मी तुझ्याशी धड बोललेले नाही. तुला वाटतंय, वर्षाचा बिल्ला व्यसनमुक्ती गटातल्या शिंपीकाकांच्या हातून घेतलास म्हणून मी फुगून बसले आहे. तो राग आहेच, तो कुठे जातोय. गोळ्या सोडून वर्ष झालं की तुमच्या गटात आपल्या माणसाकडून बिल्ला लावून घ्यायचा असतो, हे तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. मी बापडी चांगला ड्रेस इस्त्री करून तयार. आणि मग शेवटच्या रांगेत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसून बघत राहिले, तो टकला माणूस तुझ्या शर्टाला बिल्ला टाचतो आहे आणि तू रडतो आहेस. माझ्यासमोर तू कधी रडला नाहीस.

मला त्यांचा मत्सर वाटतो, आता लपवून काय करू? रोज सकाळी चहा गॅसवर ठेवून तू गॅलरीत जातोस आणि त्यांना फोन लावतोस. दार ओढून घेतलेलं असतं, त्यामुळे आत ऐकू येतं ते फक्त तुझं हसणं. चहा उतू जातो आणि ओटा पुसते मी. त्यांच्या जागी एखादी बाई असती तर परवडलं असतं, झिंज्या तरी उपटल्या असत्या. यांच्या डोक्यावर उपटायलाही काही नाही.

आठवतं, पाठीला मार लागला तेव्हा त्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनीच लिहून दिल्या होत्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. एकीच्या दोन झाल्या, मग वेगळा डॉक्टर, मग लांबचं औषधांचं दुकान, मग तुझं ते दुपारी जेवताजेवता पेंगणं. मी घरातली सगळी औषधं कपाटात कोंडली आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. डोकेदुखीचा बाम, डोळ्यांचे थेंब, खोकल्याची बाटली, सगळं आत. तुझं बोट कापलं तरी पट्टीसाठी माझ्यासमोर उभं राहावं लागायचं. तू उपचाराला जाऊन आलास, वर्ष झालं, तरी ते कुलूप तसंच आहे. तू एकदाही कुरकुर केली नाहीस. मला वाटायचं, तुला सांभाळावं तर मीच.

आणि मग रविवारी तुमची माणसं एकेक करून बोलायला उठली. मला वाटायचं नशा म्हणजे अंधाऱ्या गल्लीतली पुडी. इथे निम्म्या गोष्टी माझ्या कपाटातल्याच निघाल्या. शिंपीकाका खोकल्याच्या औषधाच्या बाटल्याच्या बाटल्या प्यायचे, कारण दुकान बंद केल्यावर घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. त्या शाळेतल्या बाई झोपेच्या गोळ्या घ्यायच्या, झोपेसाठी कमी आणि डोक्यातली बडबड थांबावी म्हणून जास्त. ट्रकवाला जागं राहायला गोळी घ्यायचा आणि मग झोपायला दारू. कॉलेजातल्या पोरीने परीक्षेसाठी मैत्रिणीच्या गोळ्या घेतल्या, सगळेच घेतात म्हणून. रंगारी थिनर हुंगायचा, त्याने म्हणे भूक मरते. एक मुलगा म्हणाला, मी गांजा ओढायला लागलो तो निव्वळ कंटाळा आला म्हणून. त्यावर सगळे हसले, मीही हसले. आणि मग तू उठलास.

तू म्हणालास की पाठ केव्हाच दुखायची थांबली होती. लिफ्ट दुरुस्त करताना तुझा जोडीदार तिच्या उभ्या बोगद्यात पडला, त्या दिवसापासून तुला खाली बघवत नव्हतं. गोळी घेतली की खड्डा दिसायचा, पण त्याची भीती वाटायची नाही. आणि हे बायकोला सांगता आलं नाही, कारण ती चारचौघांत सांगत असते, आमच्या ह्याच्या जिवावर अख्खं गाव वर-खाली करतं. खरंच सांगत असते रे मी. अगदी मागच्या आठवड्यात दुकानातल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून चष्म्याचे नंबर काढते मी, आणि घरात दिव्याखाली अंधार. तू बोलत होतास तेव्हा शिंपीकाका शांतपणे मान हलवत होते. त्यांना हे आधीच ठाऊक होतं. त्या बाईंना, त्या पोरीला, रंगाऱ्याला, सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र ते माइकवरून कळलं, परक्या माणसासारखं, शेवटच्या रांगेत. बिल्ल्याचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

उद्या तू ऑफिसातली खुर्ची सोडून वर्षाने पुन्हा बोगद्यात उतरणार आहेस. तेही मी ऐकलं ते गॅलरीच्या दाराला कान लावून, काकांना सांगत होतास तेव्हा. म्हणून हे पत्र तुझ्या हत्यारांच्या पिशवीत टॉर्चखाली ठेवते आहे, आत जाण्याआधी सापडावं म्हणून. तोंडाने बोलायला गेले असते तर भांडलेच असते. कपाटाचं कुलूप मी काढलंय, बाम हवा असेल तर आपल्या हाताने घे. आता गावातही मी ते वर-खालीचं वाक्य म्हणणार नाही. उतरवत नसेल तर उतरू नकोस, खुर्चीवर बसलेला नवराही मला चालतो. पण उद्या दार उघडून खाली बघितलंस आणि भीती वाटली, तर फोन मला कर. दुकानात गर्दी असली तरी उचलेन, गिऱ्हाईक बसेल अक्षरं वाचत. काकांसारखं हसवायला मला जमणार नाही, हे मान्य आहे. तरी आधी मला कर. त्यांना नंतर.

तुझीच,
चष्मेवाली