एक पाय जुन्यात

माय, आज शाळेत रजा टाकली आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तू शिवून ठेवलेल्या कछेऱ्यांतला शेवटचा माझ्या अंगावर आहे आणि ट्रंकेत त्याच्याखाली शिवलेलं काही उरलेलं नाही. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, पण मी तुझ्या शिवणीबाहेर एक दिवस गेले नाही. आज जायचं ठरवलं होतं. सकाळी अंघोळ झाली तेव्हापासून पलंगाच्या काठावर बसून आहे, आणि नुसतं बसवत नाही म्हणून हे लिहितेय.

लोहाऱ्यातलं घर तेच आहे. बापू होते तेव्हा पुढं त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथं आता एकानं मोबाइलचं दुकान घातलंय. मागची खोली, खिडकी आणि तुझं मशीन जिथल्या तिथं. गावात शिखांचं आपलं एकच घर, त्यामुळं लहानपणी सगळ्यांना सगळं समजावून सांगायची पाळी माझ्यावर यायची. केस का कापत नाही, हातात कडं का. शिखांच्या पाच खुणांतली ही एक, कछेरा, तेवढी कपड्याखाली असल्यामुळं कुणी विचारायचं नाही. एकदा मीच शेजारच्या मावशींना बोलून गेले की माय चड्ड्या शिवायलीय. तू मशीन थांबवलंस. "चड्डी दुकानात मिळती. ह्याला कछेरा म्हणायचं. बाई असो, बाप्या असो, एकच कपडा. घोड्यावर बसणाऱ्यांचा हाय ह्यो. कवाबी उठून निघता यावं आन् मन ताब्यात ऱ्हावं, म्हणून." घोडा मी फक्त वरातीत पाहिला होता.

तुझं शिवणं मला डोळे मिटूनही दिसतं. पांढरं सुती कापड आधी भिजवायचीस, वाळवायचीस, मगच त्याला कात्री लावायचीस. दोन सरळ पाय, खाली त्यांच्या घेराला मोहरी, मधे आसनाचा चौकोनी तुकडा तिरका बसवलेला, म्हणजे मांडी घाला नाहीतर पळा, शिवण ताणायची नाही. वर नेफा, त्यात सुती नाडा. कंबर एवढी रुंद की नाडा ओढला की चुण्याच चुण्या. शिवणी आत दुमडून अशा बंद करायचीस की उलटा घातला तरी कळू नये. तामलवाडीकडच्या ढाब्यावर थांबणारे सरदार ड्रायव्हर तुझ्याकडून कछेरे मागवायचे आणि तू पुडकं बांधून जीपवाल्याच्या हाती द्यायचीस. मावशी चेष्टा करायच्या, "नाड्याच्या कपड्याला माप कसलं गं बाई? वढलं की बसलं." तू म्हणायचीस, "माप कमरंला न्हाय, मांडीला. मोहरी गुडघ्याच्या वर कुठं टेकती, त्याच्यावर समदं." टेप तुझ्याकडं होता, पण तो ब्लाउजांना. कछेऱ्यासाठी तुझी ती सुती दोरी, मापाच्या जागी गाठ मारलेली.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात आपण दोघींनी अमृत घेऊन दीक्षेचं वचन दिलं त्या वर्षी मोरीत मी कछेऱ्यातून दोन्ही पाय बाहेर काढून मोकळी उभी राहिले, आणि तू दारातून पाहिलंस. ओरडली नाहीस. ओला कछेरा मला पुन्हा घालायला लावलास आणि परत पहिल्यापासून सुरू केलंस. जुन्यातून एक पाय काढायचा, तो आधी नव्यात घालायचा, मग दुसरा काढायचा. "मधी रिकामं ऱ्हायचं न्हाय. कवाबी एक पाय आत असला पायजे." मी विचारलं, राहिलं तर काय होतं? "वचन सुटतं," म्हणालीस. नाडा बांधताना मग खाली बघत हळूच म्हणालीस, "आन् सुटलेलं माणूस कुणाचंबी व्हतं." हे दुसरं वाक्य तुझं स्वतःचं असणार, कारण पुढं नांदेडला मी कितीतरी जणांना विचारलं, कुणी ते ऐकलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी मोकळी उभी राहिले नाही. पहिल्यांदा भीतीनं, मग सवयीनं, आणि मग ते माझंच झालं म्हणून.

आता त्या दुपारचं सांगते. डी.एड.चा निकाल लागला होता, उन्हाळा होता, आणि मी मशीनच्या खाली चटईवर झोपले होते. जाग आली ती मांडीला काहीतरी गार लागलं म्हणून. डोळे किलकिले केले तर तू सलवारीवरून दोरी धरून बसलेली. दोरीवरची गाठ बोटानं चाचपत होतीस. "तेवढंच," म्हणालीस, "अगदी तेवढंच." मावशी उंबऱ्यात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्या म्हणाल्या, "बाई, झोपल्या लेकराचं माप घेत न्हाईत. मेल्या माणसाचं घेतेत तसं." तू दोरी गुंडाळलीस. "तिचं न्हाय घेतलं," म्हणालीस. मला वाटलं, धडधडीत खोटं बोलतेय. मी झोपेचं सोंग तसंच चालू ठेवलं, आणि मांडीवरचा तो गारवा चहाच्या वेळेपर्यंत गेला नाही.

त्यानंतर तू जे शिवत सुटलीस ते थांबलीच नाहीस. पोट धरून उठायचीस आणि पुन्हा मशीनवर बसायचीस. सगळे कछेरे पांढरे, एकावर एक, जुन्या ओढणीत बांधून ट्रंकेत ठेवलेस आणि मला बोलावलंस. "वरून घेत जा. मधला काढू नगं." मी चळत उलगडून पाहिली. खालचा प्रत्येक वरच्यापेक्षा जरासा आखूड, मोहरी जराशी अरुंद. मी हसले. "माय, मी काय बारीक व्हायलेय का? उलटी फुगायलेय." तू हसली नाहीस. "वरून घेत जा," एवढंच परत म्हणालीस, वर्गात एखाद्या पोराला मी आता दोनदा सांगते तसं.

तू गेलीस तेव्हा आत्या नांदेडहून आल्या. शेवटची अंघोळ त्यांनी घातली, मी पाणी देत होते. तुझ्या उशाशी नवा कछेरा घडी करून ठेवलेला होता. आत्या म्हणाल्या, "जितेपणी जसं, तसंच आत्ताबी. मधी रिकामी ऱ्हाऊ द्यायची न्हाय." म्हणून तुझा डावा पाय मी धरला आणि त्यांनी उजवा आधी नव्यात घातला. पाय ज्वारीच्या चिपाडाएवढा झाला होता. तरी कछेरा कुठं ढगळ नव्हता. मोहरी गुडघ्याच्या वर जिथं टेकायला हवी तिथंच येऊन टेकली. इतक्या वाळलेल्या पायाचं माप तू कधी घेतलंस, हा विचार घरभर माणसं असतानाच माझ्या मनात आला.

माकणीच्या शाळेत लागले, रोज जीपनं जाऊ-येऊ लागले. लग्नाचं राहूनच गेलं. वरचे कछेरे मला नीट बसायचे, विरायचे, मी खालचा घ्यायचे, तोही नीट बसायचा. मला त्यात काही वाटलं नाही. मग पोट दुखायला लागलं. सोलापूरला दाखवायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं म्हणत मी बरेच दिवस टाळलं. गेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कुणाला कॅन्सर होता? मी म्हणाले, आईला. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या.

उपचार सुरू झाले तसे सगळे कपडे अंगावरून लोंबायला लागले. ब्लाउज, कुडते, हातातलं कडंसुद्धा कोपरापर्यंत सरकायचं. फक्त तुझा कछेरा नाही. एक विरला की ओढणीची गाठ सोडून खालचा काढायचा, आणि तो मांडीला असा बसायचा की जणू आदल्या दिवशी माप घेऊन गेलीस. एका सकाळी नाडा ओवता ओवता मला तुझं ते वाक्य आठवलं, "तिचं न्हाय घेतलं." खोटं नव्हतं ते. दोरीवरची गाठ तुझ्या मापाची होती. तू माझ्या त्या वेळच्या वयाची होतीस तेव्हाच्या मापाची. तू ती माझ्या मांडीला लावून पाहत होतीस, आणि ती जुळली. मग तू जसजशी उतरत गेलीस तसतशी स्वतःसाठी एक आणि त्याच मापाचा माझ्यासाठी एक, असं शिवत गेलीस. तू माझी सोय करत होतीस की मला वाट आखून देत होतीस, हे मला अजून कळत नाही. मला तुझा फार राग आला, माय. त्या दिवशी तुझ्या फोटोकडं पाठ करून जेवले.

मग मी ठरवलं, तुझ्या मापानं जायचंच नाही. नांदेडहून तयार कछेरे मागवले, चांगले मोठे. पहिल्या धुण्यात ते आटले. दुकानातलं कापड न भिजवता कापतात, आटणारच, हे कळतं मला. पण दोरीवर वाळत घातलेला तो कछेरा काढून मी तुझ्या कछेऱ्यावर ठेवला तर काठाला काठ लागला. दुसरा ठेवला, तोही तसाच. म्हटलं, पळसाला पानं तीनच. घडी करून ठेवून दिले आणि निमूट ओढणीची गाठ सोडली.

मावशी आता थकल्या आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मागच्या महिन्यात मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर त्या भिंतीला धरून धरून आल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "कवा आलीस गं बाई? लई वाळलीस. पोरगी कुठाय?" मी सांगायला हवं होतं की मावशी, मीच ती. तोंड उघडलं आणि म्हणाले, "शाळंत गेलीय." आवाज तुझा होता. मावशींनी मान हलवली, बरं म्हणाल्या, आणि तशाच घरी गेल्या. मी उरलेले ओले कपडे एकेक करून वाळत घातले.

त्याच आठवड्यात शेवटचा कछेरा काढला. घडी मोडायच्या आधीच मी तो ओळखला. आत्यांनी तुला घातला होता त्याच मापाचा. त्याच्यानंतर तू काही शिवलं नाहीस, कारण त्याच्यानंतर तू नव्हतीस. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, उपचार संपले, आता वाट बघायची. अंग भरायला लागलं तर समजायचं आपण सुटलो, उतरतच राहिलं तर बघू. 'बघू' म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

ट्रंकेच्या तळाशी ओढणीच्या खाली आणखी काही असेल असं मला वाटलं नव्हतं. होतं. दोरी होती, तू उतरत गेलीस तशा गाठी एका टोकाच्या जवळ जवळ येत गेलेल्या, आणि शेवटच्या गाठीनंतर बरीच मोकळी दोरी. आणि कापड होतं. भिजवलेलं, वाळवलेलं, इस्त्री केलेलं, पण न कापलेलं. मला तिथंच रडू आलं. याचं माप तुझ्याकडं नव्हतं, माय. तुला जिथपर्यंत ठाऊक होतं तिथपर्यंत तू शिवलंस आणि पुढचं कापड माझ्यावर सोडलंस.

स्वतःचं माप घ्यायची हिंमत झाली नाही. मी दोरीची पहिली गाठ धरली, त्या दुपारची, आणि त्या मापानं कापलं. वर चार बोटं जास्तच धरली. तुझं मशीन तेल घातल्यावर एका दमात चाललं. मावशी शेजारी बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. कापडावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, ह्यात तर दोघी मावतील."

"मावू द्या," मी म्हणाले.

हा नवा कछेरा आज सकाळी घालायला घेतला. अंघोळीनंतर आडोशाला, तू शिकवलंस तसाच. जुन्याचा नाडा सोडला, उजवा पाय काढला, नव्यात घातला. नवा ढगळ आहे, पण कोरड्या कापडाची ऊब आहे त्यात. मग डावा काढायला वाकले. आणि तेव्हापासून ही अशी बसलेय, एक पाय माझ्यात आणि एक तुझ्यात. रजेचं जीपवाल्याला सांगायचं राहिलं होतं; बाहेर शाळेच्या जीपनं दोनदा हॉर्न वाजवला आणि ती निघून गेली. मधे रिकामं राहायचं नाही एवढंच तू सांगितलंस. दोन्हींत किती वेळ बसलं तर चालतं, ते सांगितलं नाहीस.

हे कुठं पाठवायचं नसतं हे मला कळतं. घडी करून ओढणीत बांधेन, ट्रंक तेवढीच भरलेली दिसेल. पण एक सांगायचं राहिलं. जुन्याचा नाडा पूर्ण सुटलेला आहे. कालपर्यंत नाडा सैल केला की तो कछेरा आपोआप घोट्यापर्यंत घसरायचा. आत्ता मी दोनदा उठून उभी राहिले, तरी तो घसरला नाही. मोहरी मांडीला घट्ट बसलीय, कातडीवर वळ उमटावा इतकी. माझी मांडी भरतेय की तू धरून ठेवलंयस, हे एकदा ओढून पाहिलं की कळेल. मी अजून ओढून पाहिलेलं नाही.