डाव्या रॅकवरच्या उंदरांविषयी

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालते. (आई म्हणाली, "बराय गं तो", पण आईच्या लेखी जो फोन उचलतो तो बरा असतो.) मामींची मान दुखायची थांबली का? तुम्ही मागे विचारलं होतंत की साखरेवरची माझी गोळी बाजारात कधी येणार, आणि तोवर तुम्ही गोड खाल्लं तर काही हरकत आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आहे'. पहिल्याचं जरा लांबलचक आहे.

मुळात आम्ही गोळी बनवत नाही. गोळीनं नेम कुठे धरायचा, ती जागा शोधतो. अंगावरची चरबी नुसती पडून राहत नाही. ती आतल्या आत धुमसते, बारीक सूज धरते, आणि त्या सुजेपायी यकृतापासून साखरेपर्यंत सगळं बिघडत जातं. ही सूज पेटवणारं एक प्रथिन मी तीन वर्षं धरून बसले आहे. ते बंद पाडलं तर सूज उतरेल, असं माझं म्हणणं. त्यासाठी उंदरांना आधी चरबीचं खाणं घालून लठ्ठ करायचं, मग अर्ध्यांना प्रथिन बंद पाडणारं इंजेक्शन आणि अर्ध्यांना नुसतं खारं पाणी टोचायचं. (आईनं शेजारी सांगून ठेवलंय की मुलगी उंदरांना खाऊ घालते. चूक काढता येत नाही.) पुढच्या महिन्यात बैठक आहे. प्रथिन टिकलं तर पुढचं काम आमच्या गटाला मिळेल. नाही टिकलं तर गट बंद, आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रथिनाच्या सेवेत.

आता आमचे सर. माणूस वाईट नाही, उत्साही आहे, आणि उत्साहावर आमच्याकडे अजून इलाज सापडलेला नाही. त्यांनी हुकूम काढला की इंजेक्शनवाले सगळे पिंजरे डाव्या रॅकवर आणि पाण्याचे उजव्या. का, तर पाहुणे आले की डावीकडे बोट दाखवता यावं. पिंजरे चिठ्ठ्या टाकून मिसळून ठेवायला हवेत, असं मी रीतसर लिहून कळवलं. उत्तरादाखल सरांनी उभ्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. हा होकार की नकार, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्यानंतर डावे उंदीर सुधारले. नुसते सुधारले नाहीत, सुसाट सुटले. सूज उतरली, वजन घटलं. साखर तेवढी उतरेना, तर सर म्हणाले, "साखर हट्टी असते." सरांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटावेत तशी बातमी वाटली आणि परदेशी परिषदेत ती सांगायला निघून गेले. ते गेले आणि डाव्या उंदरांना पुन्हा सूज आली. ते परतले आणि सूज उतरली. आमचा आकडेवाला (सगळ्यांच्या प्रयोगांचं गणित करतो, हसत कधीच नाही) आलेख माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "बाई, तुमच्या प्रथिनाला साहेबांचा लळा लागलाय." मी तो आलेख सरांना दाखवला. सर गहिवरून म्हणाले, "नेतृत्वाचा परिणाम किती खोलवर जातो बघ." पुढे त्यांनी रोज उंदरांच्या खोलीत जाऊन चार प्रोत्साहनाचे शब्द बोलायला सुरुवात केली. आकडे आणखी सुधारले.

मी मात्र लेंड्या मोजायला घेतल्या. (मामा, हे काम मला पगार घेऊन करावं लागतं. आईला कळवू नये.) घाबरलेला उंदीर जास्त लेंड्या टाकतो. डावीकडे नुसता सडा पडला होता, आणि तिथल्या भिंतीवरच्या खुंटीजवळ तर जास्तच. खुंटीवर सरांचं निळं जाकीट. सरांच्या यकृतावर चरबी सापडल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला सांगितलंय; चढून आले की घामानं भिजलेलं जाकीट ते तिथे वाळत घालतात, कारण खोलीत वारा सोडणारी जाळी तिथेच आहे. बाहेरचे कपडे खोलीत आणू नयेत अशी पाटी दारावर आहे. पाटीखाली सही सरांचीच आहे.

आमच्या धंद्यात हे जुनंच आहे: पुरुषाच्या घामाचा वास आला की उंदीर हबकतो. (बाईच्या वासानं तसं होत नाही. यावर आमच्या बायका-बायकांत जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) हबकलेल्या उंदराच्या अंगात जो रस सुटतो तो सूज दाबतो आणि जेवणावरची वासना उडवतो. साखर तो उतरवत नाही. म्हणजे गुण इंजेक्शनचा नसून सरांच्या व्यायामाचा असावा. ज्या आजारावर आम्ही औषध शोधतोय, तो सरांना झाला म्हणून आमचे उंदीर बरे झाले.

हे मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे माझ्या अंगाला वास येतो?" मी म्हटलं, "उंदरांना येतो, सर." ते खुर्चीत मागे टेकले. "आणि कशावरून माझाच? कुणाही पुरुषाचा येत असेल!" मी म्हटलं, शंका अगदी रास्त आहे, तपासून बघू. पण इमारतीतला एकही पुरुष अंगावरचा कपडा द्यायला तयार नाही. आकडेवाला म्हणाला, "मी गणितात आहे, घामात नाही." बाकीचे इतका सुगंधी फवारा मारून येतात, की उंदीर घाबरायच्या आधी शिंकतील.

तर असं चाललंय. सांगण्याजोगं एवढंच. माया मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, तेव्हा ती आहे तितकी राहू द्यावी. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुम्ही पावडर, अत्तर काहीही लावत नाही आणि घाम भरपूर येतो, ही घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. मी ती केवळ शास्त्रीय अर्थानं मांडते आहे. तरी कृपया आपले दोन बनियन पाठवावेत: एक दिवसभर वापरलेला, एक धुतलेला. वेगवेगळ्या पिशव्यांत घट्ट बंद करून त्यांवर 'क' आणि 'ख' लिहावं. कोणत्या पिशवीत कोणता, ते मला सांगू नये. आकडेवाल्याला फोन करून सांगावं. त्याला मी कल्पना दिली आहे. तो पहिल्यांदा हसला.

ता. क. २. तुमच्या बनियनानं उंदीर बारीक झाले, तर सर निर्दोष ठरतील आणि माझं प्रथिन जाईल. तेव्हा बनियन चांगला भिजलेला हवा. यात कसूर नको.

ता. क. ३. मामींच्या हाताला वळण आहे, दिसेल तो कपडा धुवायचं. चुकून त्यांनी दोन्ही धुतले, तर तसेच पाठवून द्या आणि मला काही कळवू नका.

ता. क. ४. कळवा.