भुंगेऱ्याच्या पाठीवरचा उजेड

३ मार्च, मंगळवार

फ्लॅश आला! लेन्सभोवती गोल कडं बसवायचं, की झालं. दवाखान्यात दाढांचे फोटो नऊ वर्षं असल्याच रिंग फ्लॅशनं काढतेय. म्हटलं, दाढ काय नि भुंगेरा काय — दोन्ही इवलेसे, दोन्ही चकाकणारे.

आत्याचं पुस्तक वीस तारखेला छापायला जायचंय. तिच्या परसातले शहाऐंशी भुंगेरे, चाळीस वर्षांचं काम. पंच्याऐंशी चित्रं तिनं स्वतः काढलीत, खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून. शेवटचा परवा कुंडीखाली सापडला, पण आता तिचं मनगट आखडलंय. म्हणून, "याचा तू फोटो काढ." त्या पुस्तकात एक पान माझं! दिवसभर मी हवेत.

संध्याकाळी दहाबारा फोटो काढले नि संग्रहालयातल्या सरांना एक पाठवूनही दिला. आत्याच्या सगळ्या भुंगेऱ्यांची नावं तेच तपासून देतात.

५ मार्च, गुरुवार

सरांचा फोन. बिचारे इतके हरखले होते! "पाठीवरचं ते पांढरं कडं — मादीलाही असतं का हो? असा भुंगेरा मी आजवर पाहिला नाही."

कुणी पाहणार कसा? ते माझ्या फ्लॅशचं प्रतिबिंब! सांगितलं. त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.

आत्या हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली. "तोंडात अंधार असतो, म्हणून तिथे समोरून उजेड मारायचा. भुंगेऱ्याच्या पाठीला दाढा कुठायत, बयो?"

७ मार्च, शनिवार

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. आत्यानं पर्समधून काय काढावं? सायकलच्या चाकातला स्टीलचा छर्रा! तो काउंटरवर ठेवून म्हणाली, "यावर एकेक मारून दाखवा."

दुकानदार एकेका फ्लॅशचे गुण गायला लागला. हे आपोआप होतं, ते आपोआप होतं. आत्या म्हणाली, "ते असू दे. उजेड कुठून येतो नि केवढा येतो, तेवढं सांगा." कड्याच्या फ्लॅशनं छर्ऱ्यावर कडं उमटलं. जोड फ्लॅशनं दोन टिकल्या उमटल्या. "कुणीतरी डोळे वटारतंय," आत्या म्हणाली. मग तिनं अगदी साधा फ्लॅश उचलला. लांब वायर लावून कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला धरायला सांगितला. पुढे पर्समधलाच ट्रेसिंग पेपर. छर्ऱ्यावर मऊ, रुंद उजेड पसरला नि त्याची गोलाई एकदम दिसायला लागली.

"हा द्या."

निघताना दुकानदार म्हणतो, "काकू, तो छर्रा ठेवून जाता का?" दिला तिनं! शहात्तर वर्षांची बाई.

८ मार्च, रविवार

भुंगेरा कुठला एका जागी बसायला! मी त्याला फ्रीजमध्ये गार करणार होते. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पिकल्या केळ्याचा तुकडा पुढे ठेवला नि म्हणाली, "जेवताना कुणी पळत नाही." खरंच, चार मिनिटं हलला नाही. आईस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण फ्लॅशपुढे धरलं, डावीकडून तिरका उजेड टाकला — काय फोटो आला! पायावरचे केससुद्धा मोजून घ्या.

आत्या कॅमेरा हातात घेऊन, फोटो मोठा करकरून बराच वेळ बघत बसली. "सुरेख," म्हणाली. एवढंच.

९ मार्च, सोमवार

फोटो कॉम्प्युटरवर लावला नि बघते तर काय! भुंगेऱ्याच्या पाठीवर रेघा नाहीत. बारीक खड्ड्यांच्या रांगा आहेत! आत्याच्या चित्रांत सगळीकडे सरळ, सलग रेघा. मंगळवारचा रिंगचा फोटो उघडला, तर त्यातही रेघाच. समोरून सपाट उजेड पडला की खड्डे बुजतात. बाजूनं पडला की प्रत्येक खड्ड्याला सावली येते.

म्हणजे एका फ्लॅशनं आत्याचं पुस्तक बरोबर, दुसऱ्यानं चूक.

११ मार्च, बुधवार

काहीतरी निमित्त काढून आत्याच्या कपाटातल्या, जपून ठेवलेल्या भुंगेऱ्यांच्या दोन जुन्या डब्या आणल्या. तिरक्या उजेडात बघितलं. दोन्हींतल्या भुंगेऱ्यांवर खड्डे. आता तिला काय नि कसं सांगू? आणि का सांगू?

१२ मार्च, गुरुवार

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१४ मार्च, शनिवार

लिहून टाकते, इथे तरी खरं असू दे. छापखान्याला रिंगचा फोटो मेल केला. पाठीवरचं कडं कॉम्प्युटरवर पुसलं, रेघा तशाच ठेवल्या. आत्याच्या बाकीच्या चित्रांशी अगदी जुळतो.

तिच्यावरच्या मायेनं केलं. पण लबाडी ती लबाडीच. माझं पान म्हणून मिरवणार होते ना? घ्या!

१६ मार्च, सोमवार

छापखानेवाल्यांचा फोन. "तुमच्या फोटोचं काय करू? आत्याबाईंनी नऊ तारखेलाच काम थांबवून सगळी चित्रं परत नेलीत."

दवाखान्यातून अर्धी रजा टाकून तशीच धावले. मनगटाला पट्टा आवळून आत्या टेबलाशी बसलेली. चाळीस वर्षांपूर्वीचं पहिलं चित्र बाजूला, समोर कोरा कागद, त्यावर ठिपक्यांची तिसरी रांग चाललेली. मी रडतरडत सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"फ्लॅश आणलायस ना? मग डावीकडून धर. पंच्याऐंशी काढायचीत."