निळ्या हातांची बाई

५ जुलै, शनिवार

सगळीकडे गोंद! धाकट्या लुन-लुनच्या केसांत, मांजरीच्या शेपटीला, माझ्या चष्म्यावर. कागदाचे कंदील केले सहा, नीट उभे राहिले दोन. नवरोबा मिंग-दे कामावरून आला तो दारातच थबकला — "हे घर आहे की कारखाना?" युन-शीने त्याच्याही हातात कात्री दिली. दहा वर्षांची पोर, पण हुकूम सासूबाईंसारखा!

उद्या सानयीच्या डोंगरात, निळीत कापड रंगवायला. मिंग-देला रविवारीही कामावर जायचंय. आम्ही तिघंच.

६ जुलै, रविवार

मुलं झोपल्यावर लिहितेय.

शिकवणारी बाई माझ्याच वयाची. कोपरापर्यंत निळी. लुन-लुन लगेच — "धुतलं तर जातं का?" "नाही जात रे. मी जेवतेसुद्धा निळ्या हातांनी." मुलं खिदळली. मग तिने कापडांना लावायच्या चिठ्ठ्यांवर लिहायला नावं विचारली. "लिआओ युन-शी," पोरीने आडनावासकट सांगितलं. तिच्या हातातली ढवळायची काठी रंगाच्या कुंडात पडली. तिने लुन-लुनकडे पाहिलं. त्याच्या एप्रनची गाठ बांधायला तिला किती वेळ लागला!

मुलं कापडाला दोरा गुंडाळत बसली. मी तिला नळापाशी गाठलं. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"मी पेइरू," ती म्हणाली.

पेइरू! मुलांची आई! मिंग-देची पहिली बायको. सहा वर्षांपूर्वी लुन-लुन जन्मला आणि पोरं टाकून परदेशी गेली, तिथे दुसरं लग्न केलं — लग्नाआधी मला हेच सांगितलं होतं. आणि ती इथे, आमच्या घरापासून तासाभरावर!

मी मुलांना गाडीत घातलं. कापड तिथेच राहिलं. लुन-लुन रस्ताभर भोकाड पसरून. युन-शी खिडकीबाहेर बघत.

७ जुलै

मिंग-देला काही बोलले नाही. भात करपला.

९ जुलै, बुधवार

मुलांना पोहायला सोडून एकटी गेले. कापड आणायचं निमित्त.

तिने दोन्ही कापडं इस्त्री करून ठेवली होती. चहा दिला. मी प्यायले नाही. "कधी आलात परदेशातून?" जरा खोचूनच विचारलं.

"कसला परदेश?"

मग तिने सांगितलं. बाळंतपणानंतर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाळाला घ्यायचीही भीती वाटे. माहेरी नेलं, औषधपाणी केलं. त्यातच घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. वर्षभराने बरी होऊन आली, तर सासूबाईंनी फाटक उघडलं नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा मिंग-दे बाहेर आला. "पोरं आता रडायची थांबलीत, पुन्हा रडवू नकोस," म्हणाला.

"त्या दिवशी मुलं तुम्हाला सारखी आई, आई करत होती," ती म्हणाली. "बरं वाटलं ऐकून. खोटं नाही बोलत."

मी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

१० जुलै

विचारलं. मिंग-देने आधी पंखा बंद केला, मग सुरू केला.

"खोटं कुठे बोललो? ती गेलीच होती. परत आली ते सांगितलं नाही, एवढंच."

एवढंच!

"आणि परदेश? ते लग्न?" "ते आई सगळ्यांना सांगायची. मी खोडलं नाही." चार वर्षं ज्याच्या शेजारी बसून जेवतेय, तो हा माणूस!

१२ जुलै, शनिवार

आज काही केलं नाही मुलांबरोबर. लुन-लुन कात्री घेऊन मागे मागे. "आई, आज काय बनवायचं?" मी कात्री काढून कपाटात ठेवली. गप्प बसले तर ही हाक माझीच राहील. कुणाला कळणारही नाही.

पण मग मीही सासूबाईंसारखंच फाटक लावून बसणार का?

मिंग-देला सांगितलं, उद्या मुलांना सांगणार. तो चिडला. "लुन-लुनला काय, आठवतही नसेल. युन-शीला धक्का बसेल!" मी म्हटलं, बसू दे. मी आहे.

१३ जुलै, रविवार

नाश्त्यानंतर युन-शीला गॅलरीत नेलं. "तुला एक सांगायचंय. त्या रंगाच्या बाई —"

"माहितेय," ती म्हणाली. "मी आवाजावरून ओळखलं."

आठवडाभर हिला माहीत होतं! "अगं मग बोलली का नाहीस?"

तिने माझी बाही धरली. "येताना गाडीत तू किती घाबरली होतीस! मला वाटलं, आता तूपण जाशील."