चुकीच्या पिनला जोडलेलं बटण

प्रिय भाविका,

पत्र बघून हसशील. तू माझे मेसेज उघडत नाहीस हे मला दिसतं, म्हणून तुझा मढच्या घरचा पत्ता ऑफिसातल्या श्वेताकडून घेतला.

आधी बातमी सांगते. डोळे तपासायच्या बॉक्ससाठीची आपली ती अठरा मॉड्यूल जिवंत आहेत. अठराच्या अठरा! गेल्या आठवड्यात जयवंत सरांनी ती भंगारात काढली, तेव्हा मी एक दिवस मागून घेतला. बोर्डावर बटणापासून केसाएवढी बारीक वायर डाग देऊन जोडली, बटण दाबून करंट दिला, आणि लॅपटॉपवर मॉड्यूलचं नाव आलं. मी खुर्चीत बसूनच रडले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांत फर्मवेअर, म्हणजे त्यांना चालवणारा प्रोग्राम, भरून झालं. काल त्यातलं एक मॉड्यूल बसवलेला बॉक्स विक्रोळीच्या दवाखान्यात लागला. पहिल्याच बाईंच्या डोळ्याचा फोटो बघून त्यानं सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर डाग आहेत, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवा. त्या बाईंना काहीच त्रास जाणवत नव्हता. हे बघायला तू हवी होतीस.

मार्चमधली तू अजून डोळ्यांसमोर आहे. मॉड्यूल कोरी आली होती, त्यामुळे बटण न दाबताच लॅपटॉपचं ऐकत होती. प्रत्येकात पहिलं फर्मवेअर तू भरलंस, चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करनं नंबर घातलेस, आणि एकेक चालू झालं की "झकास!" म्हणून टेबलावर थाप मारायचीस. मग नवी आवृत्ती आली. यूपीएस दुरुस्तीला गेला होता, तरी सर म्हणाले, आजच संपव. अठराही एकदम लावलीस आणि अर्ध्यात अंधेरीच्या आपल्या ऑफिसच्या अख्ख्या गल्लीतली लाइट गेली. मी ओरडलेच, तू मात्र शांत होतीस. "टेन्शन नको यार, रिकव्हरीत घेऊ." बटण दाबून धरून करंट दिला, की अर्धवट लिहिलेलं मॉड्यूल पुन्हा लॅपटॉपचं ऐकायला लागतं, हे तूच मला शिकवलं होतंस. पण एकही ऐकेना. दोन दिवस तू ते बटण दाबत राहिलीस. अंगठ्याला वळ उठला होता.

"अस्मिता, बटण दाबल्याचं त्याला कळतच नाहीये गं. एकदा तुझं बोर्डाचं ड्रॉइंग बघ ना," तू म्हणालीस. मी म्हटलं, "बघितलंय, बरोबर आहे." तेव्हा मी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सरांनी तुला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. "यूपीएसशिवाय लिहायला घेतलंसच कसं? मॉड्यूलची वाट लावलीस! उद्यापासून येऊ नकोस." काचेबाहेर ऐकू येत होतं. आजच संपव म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, हे तू बोलली नाहीस. बाहेर आलीस, डबा पिशवीत टाकलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि गेलीस. मला वाईट वाटू नये म्हणून! त्या हाताचं ओझं अजून उतरलेलं नाही.

भाविका, तू आत होतीस तेव्हा मी ड्रॉइंग उघडलं होतं. बटणाची रेघ हव्या त्या पिनऐवजी शेजारच्या पिनला गेली होती. ती मी काढली होती. पाच मिनिटं बघत बसले आणि फाइल बंद केली. उठून काचेवर टकटक केली असती तरी पुरलं असतं. घाबरले, एवढंच. दुसरं कारण शोधत चार महिने काढले, सापडलं नाही. परवा सर म्हणाले, "शाबास, चूक शोधून काढलीस." ते शाबास मला गिळता आलं नाही. आज त्यांना ती चूक मला सापडल्याची खरी तारीख सांगितली. ते म्हणाले, "भाविकाचा नंबर दे." ते तुला परत बोलावणार आहेत, माफीही मागणार आहेत. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवतील ते मला मान्य आहे. पण हे पत्र तुला पोचेपर्यंत फोन करू नका, अशी मी त्यांना विनंती केली. तू ये किंवा येऊ नकोस. फक्त फोन उचलशील तेव्हा तुला माहीत असू दे, की त्या दिवशी काचेबाहेर बसलेल्या एकीला तू निर्दोष आहेस हे ठाऊक होतं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
अस्मिता