कोरा लॉग

बाबा, आज मला तुमचा राग आला आहे, आणि तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली म्हणून तो आवरता घ्यायची माझी तयारी नाही.

सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंग मिलला मी प्रोग्राम करून दिला आहे. यंत्राचं बेअरिंग तापलं की त्याने लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या रजिस्टरात, इशारा लिहायचा आणि त्या नोंदीवरून ऑपरेटरसमोरच्या स्क्रीनवर लाल पट्टी लागायची. सोमवारी भरदुपारी बेअरिंग तापलं आणि रुई पेटली. आग विझली, पण ऑपरेटरकाकांचे दोन्ही हात भाजले. मालक म्हणतात, काका झोपले होते. काका फोनवर मला एवढंच म्हणाले, "बाई, पट्टी लागलीच नाही. मी तं तिथंच बसून होतो." लॉग उघडला तर इशाऱ्याची एकही ओळ नाही. इशारा नाही म्हणजे यंत्र ठीकच होतं, आग काकांच्या हलगर्जीपणाने लागली, असं म्हणून मालकांनी त्यांना काढायचं ठरवलं आहे.

दोन दिवस मी त्या लॉगच्या मागे आहे. फाइलचा पत्ता बरोबर, लिहायची परवानगी बरोबर, 'इशारे आणि त्यावरचं सगळं लिही' ही सूचना माझ्याच कोडमध्ये स्पष्ट. तरी कोरा. आज सकाळी लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीलाच, म्हणजे त्या कामाच्या तयार कोडलाच तपासलं, की माझ्याआधी तिला कोणी काही सांगून ठेवलंय का. ठेवलं होतं. सेन्सर वाचायला मी दुसऱ्या कोणी लिहिलेलं एक तयार पॅकेज जोडलं होतं, तेही अगदी शेवटी, घरच्या सगळ्या चाचण्या झाल्यावर. ते माझ्याआधी सुरू होतं आणि सांगून मोकळं होतं, की प्रोग्राम बंद पडण्याजोगी चूक असेल तरच लिही. ही लायब्ररी पहिल्याचं ऐकते. दुसऱ्याची सूचना मुकाट्याने घेते आणि टाकून देते, तक्रारसुद्धा करत नाही. माझी ओळ त्या पॅकेजच्या वर नेली, बेअरिंगचं खोटं तापमान दिलं, लाल पट्टी लगेच लागली. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, आणि नेमके तुम्ही आठवलात.

पांढुर्ण्याच्या जिनात तुम्ही फिटर. मी आठवीत. तुम्ही जेवायला बसला आहात, आई भाकरी वाढते आहे, आणि तुम्ही म्हणता, "तीन नंबरचं बेअरिंग तापून राहिलं. मालकाले सांगतलं म्या." रजिस्टरात लिहिलं का, मी विचारते. "नाही. मालक म्हणे तोंडीच सांगत जा, विमेवाले रजिस्टर पाह्यतेत." तुमच्याकडे रीतच होती ती, यंत्र कसंही असो, रजिस्टरात 'ठीक' लिहायचं आणि खाली सही. आठवड्याभरात आग लागली. तेच रजिस्टर पुढे ठेवून, तुमचीच सही दाखवून, मालकाने तुम्हाला घरी बसवलं. मी म्हटलं, लोकांना खरं सांगा ना. तुम्ही म्हणालात, "तू चूप बस. तुले काय समजते?"

मला समजत होतं, बाबा. तुम्ही स्टेशनसमोर पंक्चर काढत बसलात आणि मी शाळेत आग लावणाऱ्याची पोरगी झाले. लोक तुम्हाला सोशिक म्हणायचे. मला ते सोशिकपण वाटलं नाही, भित्रेपणा वाटला, आजही वाटतो. पेन तुमच्या खिशात होतं. कोणी हात धरला नव्हता. एक ओळ लिहिली असतीत तर आईने पुढची सगळी वर्षं मान खाली घालून बाजार केला नसता. हे तुम्हाला तोंडावर सुनवायचं होतं, पण तुम्ही आजारी पडलात, आणि आजारी माणसाशी काय भांडायचं म्हणून राहून गेलं.

तुम्हाला उद्देशून हे सगळं मला भराभर लिहिता आलं, कारण हे कुठे पाठवायचं नाही. जिनिंगच्या मालकांना पाठवायची मेल सकाळी अकरापासून उघडी आहे. चूक माझ्या प्रोग्रामची आहे, काकांची नाही, एवढंच त्यात लिहायचं आहे. काकांच्या मुलीचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. आता चार वाजत आले, आणि त्या मेलमध्ये अजून फक्त 'नमस्कार' आहे.